मॉरिशसचे चाचा रामगुलाम: एका छोट्या बेटाचा नेता आणि स्वातंत्र्याचा सौदा

गुऱ्हाळ

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज बसलोच. मे २०२५ मध्ये ब्रिटन आणि मॉरिशसचा हिंदी महासागरातल्या चागोस बेटांबद्दल करार झाला तेव्हा आपल्याकडच्या चॅनलवाल्यांनी दोन मिनिटं दिएगो गार्सियाचा, म्हणजे त्यातल्या लष्करी तळाच्या बेटाचा, नकाशा दाखवला, अमेरिकन विमानं दाखवली आणि विषय संपला. पण त्या नकाशाच्या मागे एक माणूस आहे, सर शिवसागर रामगुलाम, मॉरिशसचे पहिले पंतप्रधान. त्यांच्याबद्दल मराठीत निवांत असं काही माझ्या तरी वाचनात आलं नाही म्हणून हा धागा.

माझा संबंध साखरेमुळे. कोल्हापूर जिल्ह्यात एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी झाली माझी, आणि एकदा कामानिमित्त तीन आठवडे मॉरिशसला जायला मिळालं. तिथे चहा घेतला, सुट्टे पैसे हातात आले, बघतो तर प्रत्येक नाण्यावर एकच चेहरा. विमानतळ त्यांच्या नावाचा, उत्तरेकडचं मोठं हॉस्पिटल त्यांच्या नावाचं. टॅक्सीवाला म्हातारा होता, तो त्यांना नावाने हाक न मारता 'चाचा' म्हणत होता, जणू शेजारच्या घरातले.

सुरुवात वडलांपासून करायला हवी. मोहित रामगुलाम, बिहारच्या भोजपूर भागातलं हरिगाव, १८९६ साली वयाच्या अठराव्या वर्षी जहाजात बसले आणि मॉरिशसला उतरले. गिरमिटिया, म्हणजे करारावर नेलेले मजूर. तिथे पुढे ते सरदार झाले. आता सरदार म्हटल्यावर आपल्या डोळ्यासमोर घोडा तलवार येते पण तिथल्या उसाच्या मळ्यात सरदार म्हणजे आपला मुकादम! टोळी घेऊन फडात जाणारा, हजेरी लावणारा, मालकाचं मजुरांना आणि मजुरांचं मालकाला सांगणारा. मी हे वाचलं तेव्हा एकदम आपले बीडचे ऊसतोडकरी आठवले. मॉरिशसमध्ये तर कायदेशीर पद्धत होती की एक दिवस कामाला आला नाहीस तर दोन दिवसांची मजुरी कापणार, ती १९०९ पर्यंत चालली. आपल्याकडे टोळीत खाडा झाला की दंड कापतात तो ज्यांनी बघितलाय त्यांना वेगळं समजवायला नको.

तर अशा मुकादमाच्या घरी १८ सप्टेंबर १९०० ला बेल रीव्ह नावाच्या गावात हा मुलगा जन्मला, घरातलं नाव केवल. सात वर्षांचा असताना वडील गेले. बारा वर्षांचा असताना गोठ्यात अपघात झाला आणि डावा डोळा गेला. एका डोळ्यावर पुढचं सगळं शिक्षण, क्यूरपीपचं रॉयल कॉलेज, आणि १९२१ मध्ये लंडनला डॉक्टरी शिकायला. परत आले १९३५ ला, म्हणजे चौदा वर्षं! लंडनमध्ये ते फक्त पुस्तकात डोकं घालून बसले नव्हते, भारतीय विद्यार्थ्यांच्या चळवळीत होते, फेबियन, म्हणजे क्रांतीऐवजी हळूहळू सुधारणा मानणाऱ्या समाजवाद्यांच्या वर्तुळात वावरले, गांधी नेहरूंचं राजकारण जवळून बघितलं. त्यांचा पुढचा सगळा स्वभाव तिथे घडला असं मला वाटतं, घाई नाही, दंगा नाही, चर्चा करत करत एकेक पायरी.

आणि परत आले तेव्हा बेट पेटलं होतं. १९३६ ला मॉरिस क्युरे नावाच्या डॉक्टरांनी लेबर पार्टी काढली होती. (पक्षाचे संस्थापक रामगुलाम असा पुष्कळांचा समज असतो, पण ते त्यात बरेच नंतर आले.) १९३७ मध्ये उसाच्या भावावरून आणि मजुरीवरून मळ्यांत उठाव झाला, युनियन फ्लाकला गोळीबार होऊन माणसं मेली. १९४३ मध्ये बेल व्ह्यू हारेलला परत गोळीबार, चार जण गेले, त्यात अंजली कूपन ही गरोदर बाई होती. तिचं नाव आज तिथल्या स्टेडियमला आहे. रामगुलाम १९४० पासून कायदेमंडळात होते, त्याच वर्षी 'अ‍ॅडव्हान्स' नावाचं वर्तमानपत्रही सुरू केलं होतं, आणि त्यांचा सगळा जोर एकाच गोष्टीवर, मजुराला मत मिळालं पाहिजे.

आता हा भाग मला सगळ्यात आवडतो. नवी घटना आली तेव्हा नियम असा ठरला की ज्याला कुठल्याही एका भाषेत साधं लिहितावाचता येतं त्याला मत. मग गावागावातल्या बैठकांमध्ये (बैठका हाच शब्द आहे तिकडे, संध्याकाळी जमायची झोपडीवजा जागा) पं. बासदेव बिसूनदयाल आणि त्यांच्या कार्यकर्त्यांनी दिवसभर ऊस तोडून आलेल्या बायाबाप्यांना रात्री कंदिलाखाली अक्षरं गिरवायला बसवलं. मतदार होते साधारण बारा हजार, ते १९४८ च्या निवडणुकीला सत्तर हजाराच्या वर गेले. ज्यांचे आईबाप करारावर अंगठा उठवून आले त्यांनी सही करून मत मिळवलं! रामगुलाम याच लाटेवर मोठे झाले, पण लाट एकट्या त्यांची नव्हती हेही लिहिलं पाहिजे, बिसूनदयाल बंधूंचं नाव त्यामानाने फार कमी घेतलं जातं.

पुढचं पटापट. १९५९ ला सगळ्या प्रौढांना मताधिकार, १९६१ ला रामगुलाम मुख्यमंत्री, १९६५ ला 'सर'. १९६५ लाच लंडनला लँकेस्टर हाऊसमध्ये घटना परिषद, ऑगस्ट १९६७ ला निवडणूक आणि १२ मार्च १९६८ ला स्वातंत्र्य. तारीख दांडी यात्रेची. भर दुपारी बारा वाजता राजधानी पोर्ट लुईच्या शां द मार्स मैदानावर चार रंगी झेंडा चढला. २०४० चौरस किमीचा देश, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या निम्माही नाही, साधारण आठ लाख लोक, आणि एकच पीक, ऊस. बहुतेक जाणकारांनी हा देश टिकणार नाही असंच गृहीत धरलेलं.

तो टिकला. पण त्याच्यासाठी काय काय द्यावं लागलं त्याबद्दल मला इथल्या लोकांशी बोलायचंय, कारण चागोसचा करार वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये. बाकी प्रतिसादात लिहितो, हाताने टाईप करून दमलो.

अनघा_के

किती छान लिहिलंय दादा. खाड्याची तुलना वाचून अंगावर काटा आला. एक विचारू का, मी कुठेतरी वाचलं होतं की स्वातंत्र्याच्या वेळी तिथल्या जवळजवळ निम्म्या लोकांनी विरोधात मत दिलं होतं? हे मला कळतच नाही, स्वातंत्र्याला विरोध कोण करेल?

गुऱ्हाळ

अनघाताई, हो, साधारण ४४ टक्के. सार्वमत झालं नाही, १९६७ ची निवडणूक हाच कौल धरला गेला. एका बाजूला रामगुलामांची आघाडी, त्यात लेबर, बिसूनदयालांचा पक्ष आणि अब्दुल रझाक मोहम्मद यांचा मुसलमानांचा पक्ष. दुसऱ्या बाजूला गेटां ड्यूव्हाल, तरुण देखणा क्रिओल वकील, सभा अशा गाजवायचा की विचारू नका. थेट जागा ३९ विरुद्ध २३.

विरोध का, तर भीती. क्रिओल म्हणजे आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज, आणि फ्रेंच वंशाचे गोरे, यांना वाटायचं की इंग्रज गेले की हिंदूंचं राज्य येणार, कारण निम्मी लोकसंख्या हिंदू. ती भीती आपण इथे बसून खोटी म्हणणं सोपं आहे. त्या काळात कितीतरी क्रिओल कुटुंबं सामान विकून ऑस्ट्रेलियाला गेली. स्वातंत्र्याला दोन महिने असताना जानेवारी १९६८ ला पोर्ट लुईत क्रिओल आणि मुसलमानांच्यात दंगल उसळली, इंग्रजांचं सैन्य बाहेरून आणावं लागलं, आणि सोहळ्याला येणाऱ्या राजकन्येचा दौरा रद्द झाला. असा देश ताब्यात घेतला त्यांनी.

मग रामगुलामांनी काय केलं, तर १९६९ ला त्याच ड्यूव्हालना सरकारात घेऊन परराष्ट्रमंत्री केलं. आणि घटनेतच एक सोय होती, हरलेल्या उमेदवारांतून आठ जणांना जमातीचा तोल राखण्यासाठी संसदेत घ्यायचं. या पद्धतीवर आज तिथेच खूप टीका होते, माणसाला जात धर्म विचारून मोजणं बरोबर नाही म्हणून, आणि ती मलाही पटते. पण १९६८ मधली रक्ताची भीती बघता त्या वेळेला दुसरं काय करता आलं असतं हे मला सांगता येत नाही.

तळकोकण

धागा वाचून फार बरं वाटलं पण एक तक्रार आहे गुऱ्हाळकाका, सगळे बिहारचेच होते असं वाटतंय वाचताना. मुंबई बंदरातून पण जहाजं गेली आणि त्यात आमच्या रत्नागिरी सिंधुदुर्गातली माणसं होती. आजही तिथे मराठी समाज आहे, शाळेत मराठी शिकवतात, मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत मराठीचा विभाग आहे आणि गणेश चतुर्थीला सबंध देशाला सुट्टी असते!! पहिला गणपती ऑन्रिएता गावात १८९६ ला बसला असं सांगतात, म्हणजे तुम्ही लिहिलं त्यावरून बघितलं तर रामगुलामांचे वडील उतरले तेच वर्ष. आणि जाखडी, आमच्याकडे गणपतीत नाचतात ती जाखडी तिकडे अजून आहे. मी व्हिडिओ बघितला तर पायांचा ठेका तोच, शब्द मात्र अर्धे कळले अर्धे नाही, रडायलाच आलं मला.

त्यांच्या राजकारणात मराठी लोकांना काय स्थान होतं ते पण लिहा ना.

गुऱ्हाळ

ताई चूक कबूल, मी बापाच्या गावापासून सुरू केलं म्हणून तसं झालं. मराठी लोक तिथे शेकड्यात दोनाच्या आसपास, आणि निवडणुकीच्या हिशोबात ते 'हिंदू' या मोठ्या गटात मोजले जातात. त्यामुळे एवढ्याशा समाजाने वेगळेपण टिकवायचं ते भाषेतून, देवळातून. कास्कावेलच्या मराठी मंडळींचं काम मी थोडं बघितलंय. महात्मा गांधी संस्था हे खरंतर रामगुलामांच्याच काळातलं काम, १९७० ला इंदिरा गांधींच्या हस्ते पायाभरणी झाली. भोजपुरी हिंदीबरोबर तामिळ, तेलुगू, मराठी, उर्दू, चिनी सगळ्यांना शाळेत जागा, हे धोरण त्यांनी धरून ठेवलं.

वऱ्हाडी_बाबा

नागपूरचा आहे मी, वय ६४. जानेवारी १९७५ ला आमच्या इथे पहिलं विश्व हिंदी संमेलन झालं त्याचे प्रमुख पाहुणे हेच शिवसागर रामगुलाम होते! उद्घाटन इंदिराजींनी केलं. मी तेव्हा शाळेत, आमच्या गुरुजींनी आम्हाला रस्त्यावर उभं केलं होतं. गाडी सर्रकन गेली, मला एक पांढऱ्या केसांचा माणूस दिसला न दिसला. गुरुजी सांगत होते की पोट्टेहो या माणसाचा बाप मजूर होता, बोटीत बसून गेला होता, अन् पोरगा पंतप्रधान म्हणून परत आला. ते वाक्य मी आजवर विसरलो नाही. माझे वडील पण गिरणीत होते, त्यामुळे मला ते माझ्यासाठीच बोलल्यासारखं वाटलं. दुसरं संमेलन मग पुढच्या वर्षी १९७६ ला मॉरिशसलाच झालं.

सुमेध_न

सगळे कौतुक करतायत म्हणून दुसरी बाजू लिहितो, राग मानू नका.

१) १९७२ ला निवडणूक व्हायला हवी होती, ती घेतलीच नाही, थेट १९७६ ला घेतली. २) डिसेंबर १९७१ ला आणीबाणी लावली, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, संपावर बंदी, आणि एमएमएम (मुव्हमाँ मिलितां मॉरिसियँ) या नव्या डाव्या पक्षाचे पॉल बेरांजे यांना खटला न चालवता वर्षभर तुरुंगात ठेवलं. कारण काय तर गोदी कामगारांचे संप आणि त्याआधी १९७० ला रामगुलामांच्या स्वतःच्याच त्रिओले भागातली पोटनिवडणूक एमएमएमने मारली होती. म्हणजे हार दिसायला लागल्यावर खेळ थांबवला. ३) १९७६ ला निवडणूक घेतली तेव्हा सगळ्यात जास्त जागा एमएमएमला, ७० पैकी ३४, लेबरच्या आघाडीला २८. तरी ड्यूव्हालच्या ८ जागा जोडून खुर्ची राखली.

ज्या माणसाने मजुराला मत मिळवून दिलं त्यानेच ते मत चार वर्षं अडवून ठेवलं, हे मला खूप टोचतं. आपल्याकडे १९७५ ला जे झालं त्याला आपण नावं ठेवतो ना, मग इथे वेगळा न्याय का.

गुऱ्हाळ

सुमेध, राग कसला, सगळं बरोबर लिहिलंयस आणि मी ते टाळणार नव्हतो. माझ्याकडे त्याला समर्थन नाही. एमएमएमची पोरं तेव्हा जातीधर्माच्या पलीकडे जाऊन वर्गावर बोलत होती, हिंदू क्रिओल मुसलमान एका व्यासपीठावर, जे रामगुलामांच्या पिढीला जमलं नव्हतं. अशा पोरांना तुरुंगात घालणं ही त्यांची मोठी चूक, मी तर पाप म्हणेन.

फक्त त्याच्या पुढचं पण लिहितो. जून १९८२ च्या निवडणुकीत मुख्य बेटावरच्या ६० च्या ६० जागा विरोधकांनी जिंकल्या. साठ शून्य! ८१ वर्षांचे रामगुलाम स्वतःच्या मतदारसंघात पडले. आणि ते घरी गेले. सैन्य नाही, कोर्टकचेरी नाही, रडारड नाही. त्या काळात नव्याने स्वतंत्र झालेल्या देशात मतपेटीतून सत्ता गेली म्हणून पहिला नेता गप उठून गेला असं किती ठिकाणी झालं? पुढच्या वर्षी ज्यांनी हरवलं त्याच अनिरुद्ध जगन्नाथांनी त्यांना गव्हर्नर जनरल केलं आणि त्याच पदावर १५ डिसेंबर १९८५ ला ते गेले. पुढे मुलगा नवीन रामगुलाम १९९५ ला साठ शून्यनेच निवडून आला, आणि २०२४ ला पुन्हा साठ शून्य. घराणेशाहीबद्दल वेगळा धागा काढावा लागेल, रामगुलाम आणि जगन्नाथ या दोन घरांतच पंतप्रधानपद किती वर्षं फिरलं ते बघता.

अनघा_के

मला शिक्षणाचं लिहायचंय. आमच्या ऑफिसात एक मॉरिशियन सहकारी होती, तिची आई १९७७ ला हायस्कूलला गेली. ती म्हणायची त्याआधी घरात फीचे पैसे एकाचेच असायचे आणि ते भावाला मिळायचे, मुलगी शिवण शिकायची नाहीतर मळ्यात. १९७७ च्या जानेवारीत माध्यमिक शाळेची फी सगळ्यांना माफ झाली आणि आजोबांनी आईला दप्तर आणून दिलं. तिच्या घरात अजून चाचांचा फोटो आहे, देवघराजवळ. म्हणून मला वाटतं सुमेधचं सगळं खरं धरूनही त्या आजोबांच्या दृष्टीने हिशोब वेगळा असणार.

सुमेध_न

अनघा, मान्य, पण ती फी माफी पण आकाशातून पडली नाही. मे १९७५ ला शाळकरी मुलं हजारोंनी रस्त्यावर उतरली, ग्रँड रिव्हर नॉर्थ वेस्टच्या पुलावर पोलिसांनी अडवलं, अश्रुधूर सोडला. त्यानंतर मतदानाचं वय १८ वर आलं, आणि फी माफीची घोषणा झाली डिसेंबर १९७६ ला, निवडणुकीच्या तोंडावर. मुलांनी मिळवलं असं म्हणेन मी.

गुऱ्हाळ

दोघांचं खरं आहे. मुलांनी मागितलं, त्यांनी दिलं. त्यात एक भर, पैसे कुठून आले ते पण बघा. १९६१ ला जेम्स मीड नावाच्या इंग्रज अर्थतज्ज्ञाने अहवाल दिला होता की लोकसंख्या अशी वाढतेय, काम नाही, एकच पीक, या बेटाचं भविष्य कठीण आहे. (लोकसंख्या वाढण्याचं कारण चांगलं होतं, युद्धानंतर मलेरिया आटोक्यात आला.) मग सरकारने कुटुंब नियोजन मनावर घेतलं, १९७० ला निर्यात उद्योगांसाठी कायदा केला, त्यातून कपड्यांचे कारखाने आले आणि बायका पहिल्यांदा मोठ्या संख्येने पगारावर गेल्या. आणि साखर! १९७५ च्या लोमे करारात युरोपने दरवर्षी पाच लाख टनांवर साखर ठरलेल्या चढ्या भावाने घ्यायचं कबूल केलं. आमच्या धंद्यातल्या माणसाला विचारा याची किंमत, जागतिक भाव पडला तरी तुमचा भाव पडत नाही, अख्ख्या देशाला हमीभाव मिळाल्यासारखं. तो पैसा फक्त मळेवाल्यांच्या घशात न जाता निर्यात कराच्या वाटेने शाळा, दवाखाने, पेन्शनपर्यंत आला, हे मी रामगुलामांचं खरं काम समजतो. म्हातारपणाची सरसकट पेन्शन तर स्वातंत्र्याआधीपासून, १९५८ पासूनची.

खलाशी

मी मर्चंट नेव्हीत होतो. दिएगो गार्सियाच्या जवळून गेलोय, जवळून म्हणजे नकाशावर जवळून, कारण तिथे जायला मनाई. तुम्ही लोक पेन्शन आणि शाळा मोजताय, मला चागोसबद्दल बोलायचंय कारण मूळ धागा त्यावरच सुरू झाला आणि चार प्रतिसादांत बाजूला पडला.

२३ सप्टेंबर १९६५, लंडन. सकाळी ब्रिटनचे पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांनी रामगुलामांना एकट्याला भेटायला बोलावलं. विल्सनच्या सेक्रेटरीने आदल्या दिवशी लिहिलेली चिठ्ठी पुढे उघड झाली आहे, त्यात सरळ लिहिलंय की याला आशा दाखवून घाबरवायचं, आशा ही की स्वातंत्र्य मिळेल, भीती ही की चागोसबद्दल शहाणपणाने वागला नाही तर मिळणार नाही. त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत तत्त्वतः होकार मिळाला. ८ नोव्हेंबर १९६५ ला चागोस तोडून ब्रिटिशांनी नवीन वसाहत काढली, मॉरिशसला ३० लाख पौंड, आणि अमेरिकेने ब्रिटनला पाणबुडीच्या क्षेपणास्त्रांत १ कोटी ४० लाख डॉलरची सूट दिली, गुपचूप.

आणि तिथली माणसं? दीड दोन हजार माणसं, पिढ्यान पिढ्या नारळाच्या वाडीत राहिलेली, गुलामांचे वंशज. १९६८ ते १९७३ मध्ये सगळ्यांना हलवलं. कुणी उपचाराला मॉरिशसला आलेलं, परत जायला बोट मागितली तर सांगितलं बेट बंद झालं. ऑलिव्हिए बांकू, आज जे त्यांचे नेते आहेत, ते चार वर्षांचे असताना बहिणीच्या उपचारासाठी घरचे सगळे आले आणि मग परत जाताच आलं नाही. दिएगो गार्सियावरची लोकांची कुत्री गाडीचा धूर सोडून मारली, मालकांच्या देखत. पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरवलं तेव्हा काही लोक जहाजातून उतरायलाच तयार नव्हते. ब्रिटनने त्यांच्यासाठी म्हणून साडेसहा लाख पौंड मॉरिशस सरकारला दिले ते त्या लोकांच्या हातात पडले १९७८ ला. तेव्हा पंतप्रधान कोण होतं? चाचाच ना?

विल्सनने धमकावलं हे मला समजतं. पण पैसे पाच वर्षं पडून राहिले ते कुणाच्या धमकीने?

गुऱ्हाळ

खलाशी, तुमचा शेवटचा प्रश्न वाचला आणि दोन दिवस काही लिहिलं नाही.

पहिल्या भागाबद्दल माझं मत ठाम आहे. एका बाजूला जगातली मोठी सत्ता, दुसऱ्या बाजूला वसाहतीतला एक मंत्री जो अजून त्यांचाच प्रजाजन आहे, आणि इतकी वर्षं ज्यासाठी काम केलं ते स्वातंत्र्य टेबलावर. याला संमती म्हणत नाहीत. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २५ फेब्रुवारी २०१९ ला १३ विरुद्ध १ मतांनी तेच म्हटलं, की ते वेगळं करणं त्या लोकांच्या खऱ्या आणि मोकळ्या इच्छेने झालेलं नव्हतं. मग संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ११६ विरुद्ध ६. आणि रामगुलामांनी निदान एवढं पदरात पाडून घेतलं होतं की संरक्षणासाठी गरज संपली की बेटं परत द्यायची, मासेमारी आणि खनिजांचे हक्क मॉरिशसचे. पुढचा सगळा खटला या आश्वासनांवर उभा राहिला. १९८० ला त्यांनी स्वतः आमसभेत बेटं परत मागितली.

पण चागोसच्या माणसांचं तुम्ही म्हणता ते तसंच आहे. बेटांबद्दल सौदा करताना तिथे माणसं राहतात हे टेबलावर कुणी मांडलं नाही, ना इंग्रजांनी ना यांनी. ड्यूव्हालांच्या पीएमएसडी पक्षाचे मंत्री नोव्हेंबर १९६५ ला सरकारातून बाहेर पडले ते सुद्धा बदल्यात मिळालेलं कमी आहे म्हणून, माणसांसाठी नाही. आणि ती माणसं पोर्ट लुईला आल्यावर बेकारीत, झोपडपट्टीत, क्रिओल म्हणून हेटाळली गेली तेव्हा हे सरकार त्यांचं झालं नाही. ज्या माणसाने बैठकीत अक्षर गिरवणाऱ्या मजुरांसाठी आयुष्य घालवलं त्याला धक्क्यावर बसलेले हे लोक तसेच मजूर का दिसले नाहीत? ते संख्येने थोडे होते, त्यांची मतं नव्हती, ते त्याच्या जमातीचे नव्हते. माझा त्या माणसावर जीव आहे आणि तरी मला हे लिहावं लागतंय.

२२ मे २०२५ च्या करारात सार्वभौमत्व मॉरिशसला आणि दिएगो गार्सिया ९९ वर्षं ब्रिटनच्या ताब्यात असं ठरलं, सही करणारे पंतप्रधान त्यांचाच मुलगा. आणि काही चागोसवाले याही वेळी म्हणत होते की आम्हाला कुणी विचारलं नाही. साठ वर्षांनी तेच वाक्य.

खलाशी

एवढं सरळ लिहिलंत त्याबद्दल आभार. मला वाटलं होतं बचाव कराल.

वऱ्हाडी_बाबा

मी गुरुजींचं वाक्य लिहिलं होतं वर. ते अजून खरंच वाटतं मला. पण आता त्याच्या बाजूला धक्क्यावरची माणसं पण दिसतील, त्याला इलाज नाही.

तळकोकण

विषय थोडा वेगळा आहे पण काका तुम्हालाच विचारते. माझ्या आजीच्या माहेरी सांगायचे की एक चुलत पणजोबा 'मॉरिशसला साखर करायला' गेले आणि परत आले नाहीत, एक पत्र पण नाही. वेंगुर्ल्याकडचे. तिकडे कुठे नोंद मिळू शकते का? फोटो वगैरे?

गुऱ्हाळ

मिळू शकते ताई. मोकाच्या त्या महात्मा गांधी संस्थेत सगळ्या मजुरांची दप्तरं ठेवलीयत, साडेचार लाखांच्या आसपास माणसं आली १९२० पर्यंत त्यांची. प्रत्येकाला उतरल्यावर एक नंबर दिलेला, आणि पुढच्या काळातल्यांचे फोटोसुद्धा आहेत, छातीपर्यंतचे, समोर बघणारे. आम्हाला तिथल्या संग्रहालयात काही फोटो बघायला मिळाले होते, काहींच्या अंगात कोट आहे जो नक्की त्यांचा नाही, फोटोपुरता घातलेला. मोहित रामगुलाम पण अशाच एका नंबरावर उतरले असणार. तुम्ही त्यांना पत्र लिहा. नंबर माहीत नसेल तर पणजोबांचं नाव, त्यांच्या वडलांचं नाव, गाव, जात आणि साधारण साल एवढं द्या, जहाजाचं नाव कुणाला आठवत असेल तर फारच सोपं जाईल. वेंगुर्ला वेगवेगळ्या स्पेलिंगने शोधायला सांगा, कारकून इंग्रज होते, ऐकू आलं तसं लिहायचे.